आधी वार ठरवा, मग गाव

प्रश्न थोडक्यात असा आहे. न्यू जर्सीतल्या एडिसनला राहणारं एक जोडपं विचारतंय: सहा वर्षांत न्यूयॉर्क, नायगारा, वॉशिंग्टन, ऑर्लँडो, लास व्हेगास, ग्रँड कॅन्यन सगळं झालं. ऑक्टोबरात सांगलीहून आई-बाबा येताहेत. प्रत्येक एक्झिटला तीच हॉटेलं, तीच कॉफी, तेच पार्किंग लॉट. इथल्या माणसांची, मातीची अमेरिका नेमकी कुठे बघायला मिळते? आठ दिवस हाताशी आहेत, आई-बाबा पक्के शाकाहारी आहेत, बाबांचा गुडघा दुखतो, गाडी घरची आहे. आणि शेवटी एक ओळ: ‘जमलं तर सात-आठ राज्यं करायची आहेत.’

मी नॉर्थ कॅरोलायनातल्या शार्लटला राहते आणि गाडीने करायच्या सहली आखून देणं हाच माझा धंदा आहे. गिऱ्हाइकं बहुतेक तुमच्यासारखीच, मुलगा-सून इथे नोकरीला आणि आई-वडील काही महिन्यांसाठी आलेले. त्यामुळे हा प्रश्न माझ्याकडे या ना त्या रूपात सतत येतो, आणि जवळजवळ दर वेळी ती शेवटची ओळही असतेच. ती आधी खोडून टाका. आठ दिवसांत आठ राज्यं केलीत तर आठ पेट्रोल पंप बघून याल.

तुमची खरी अडचण ठिकाणांची नाही. तुम्ही ज्या रस्त्यांनी जाता आणि ज्या वारी पोचता, त्यात ती आहे. १९५६ साली आयझेनहॉवर यांनी सही केलेल्या कायद्यातून इंटरस्टेटचं, म्हणजे राज्याराज्यांना जोडणाऱ्या महामार्गांचं, जाळं उभं राहिलं. ते बांधलंच गेलं गावं टाळून वेगाने जाण्यासाठी. गावाबाहेर एक्झिट, एक्झिटला निळी पाटी, पाटीवर ज्यांना तिथलं भाडं परवडतं त्या साखळी दुकानांची नावं. हे सगळीकडे सारखंच दिसणार. त्याआधीचे रस्ते १९२६ सालच्या क्रमांकांचे. पांढऱ्या ढालीवर काळा आकडा असला की ओळखा: यूएस ११, यूएस ५८, यूएस ६१. हे रस्ते गावाच्या मधून जातात. कोर्टाची इमारत, तिच्यासमोरचा चौक, न्हाव्याचं दुकान, बंद पडलेलं थिएटर, सगळं वाटेतच लागतं. वेळ जास्त जातो, हे खरं. म्हणून मी दोन्ही वापरते: भागापर्यंत पोचायला इंटरस्टेट आणि भागात शिरल्यावर जुना रस्ता.

पण नुसता जुना रस्ता धरूनही भागत नाही, आणि ही गोष्ट सहली आखणारे फारशी सांगत नाहीत. मंगळवारी दुपारी दोन वाजता अमेरिकेतलं कुठलंही छोटं गाव ओस दिसतं. माणसं कामावर असतात, मुलं शाळेत, अर्धी दुकानं बंद. तुम्ही दोन फोटो काढता, ‘इथे काही नाही’ म्हणता आणि निघता. त्याच गावात शुक्रवारी संध्याकाळी गाडी लावायला जागा मिळत नाही. इथल्या गावांना आपल्यासारखा रोजचा कट्टा नसतो. जमायचे वार ठरलेले असतात. शुक्रवारी रात्री शाळेचा फुटबॉल नाहीतर गाणं-बजावणं, शनिवारी सकाळी बाजार, रविवारी चर्च, ऑगस्टात काउंटीची, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या भागाची, जत्रा. म्हणून मी सहल आखताना नकाशा नंतर उघडते. त्या भागातली माणसं कुठल्या वारी, किती वाजता, कुठे एकत्र येतात हे आधी काढते आणि मुक्काम त्याभोवती बसवते.

आता तुमच्याबद्दल. विमानाने जायची तयारी असती तर मी दुसरं काही सुचवलं असतं, त्यावर पुढे बोलते. घरची गाडी, ऑक्टोबर, दुखरा गुडघा आणि एडिसन एवढं धरलं तर माझं उत्तर नैर्ऋत्य व्हर्जिनिया आणि वेस्ट व्हर्जिनिया. म्हणजे अ‍ॅपलेशियन डोंगरांतला तो पट्टा, जिथून अमेरिकेचं कंट्री संगीत निघालं आणि जिथल्या कोळशावर देशाचे पोलादाचे कारखाने चालले. पानं रंगलेली असतील, तो वरचा फायदा.

गुरुवारी सकाळी निघा. इंटरस्टेट ७८ ने हॅरिसबर्गकडे, मग ८१ ने दक्षिणेला. साडेपाच-सहा तासांत व्हर्जिनियातलं स्टाँटन येतं, तिथे राहा. शुक्रवारी सकाळी तिथलं फ्राँटियर कल्चर म्युझियम बघा. उघड्या माळावर खरीखुरी शेतघरं उभी केली आहेत: इंग्लंडचं, आयर्लंडचं, जर्मनीचं, पश्चिम आफ्रिकेतल्या इग्बो लोकांचं, आणि शेवटी हे सगळे इथे एकत्र आल्यावर जे तयार झालं ते अमेरिकन घर. पुढच्या चार दिवसांत जे ऐकाल आणि खाल त्याची ही किल्ली आहे. फिडल, म्हणजे व्हायोलिन, युरोपातून आलं, बँजोचं मूळ गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकी माणसांच्या वाद्यांत आहे, आणि या डोंगरांच्या संगीतात दोन्ही एकत्र आली. चालायला मात्र बरंच लागतं. बाबांसाठी दोन-तीन घरं निवडा, बाकीची सोडा.

तिथून लेक्सिंग्टनपर्यंत ८१ न घेता तिला समांतर जाणारा यूएस ११ घ्या. हा रस्ता ज्या दरीतून जातो, पूर्वी तिच्यातूनच पेनसिल्व्हेनियाकडून घोडागाड्यांचे तांडे दक्षिणेला उतरत. लेक्सिंग्टनला जेवा आणि मग सरळ ८१ ने खाली, संध्याकाळी पाचच्या आत फ्लॉइड.

फ्लॉइडवर जरा रेंगाळते, कारण तुमच्या प्रश्नाचं सगळ्यात सरळ उत्तर तेच आहे. अख्ख्या काउंटीत एकच ट्रॅफिक सिग्नल आहे. त्या सिग्नलजवळ फ्लॉइड कंट्री स्टोअर नावाचं जुनं दुकान आहे. आत जीन्सचे ओव्हरऑल, गोळ्यांच्या बरण्या, आइस्क्रीमचा काउंटर, मागे छोटं स्टेज आणि त्याच्यापुढे लाकडी फरशीचा मोकळा चौक. दर शुक्रवारी इथे जँबोरी, म्हणजे गाण्या-नाचाची मैफल, असते. तिकीट घेऊन आत जायचं. पहिला तासभर गॉस्पेल, म्हणजे भजनंच म्हणा. तेव्हा कोणी नाचत नाही. मग नाचाचे बँड सुरू होतात. फिडलने पहिली चाल धरली की खुर्च्यांतून माणसं उठतात, आणि त्यांत निम्मी साठीच्या पुढची असतात. पायात तळाला धातूच्या पट्ट्या लावलेले बूट, कमरेच्या वर अंग जवळजवळ स्थिर, हात सैल, सगळा खेळ पावलांचा. पावलं फरशीपासून फार उचलायची नाहीत, म्हणून नाव फ्लॅटफुटिंग. शंभर पावलं एका ठेक्यात पडायला लागली की खुर्चीच्या पायांतून थरथर जाणवते. दारू, सिगारेट, शिव्या यांना बंदी. एका कोपऱ्यात मुलं, एका कोपऱ्यात ऑक्सिजनची नळी लावलेले आजोबा, असं दृश्य मी तिथे पाहिलंय.

हवा बरी असेल तर बाहेर फुटपाथवर आणि गल्लीत आणखी दोन-तीन घोळके वाजवत उभे असतात. त्यांना कोणी पैसे देऊन बोलावलेलं नसतं. पुढच्या गावचा मेकॅनिक, शाळेतली शिक्षिका, सुट्टीला आलेला नातू. इथे एक शिस्त पाळा. वाजवणाऱ्यांनी धरलेल्या गोलाच्या आत शिरायचं नाही, बाहेर उभं राहायचं. गाणं संपलं की मात्र खुशाल बोला. ‘हे कोणतं गाणं?’ एवढं विचारलं तर वीस मिनिटं सुटका नाही. माझ्या एका गटातल्या काकू साडी आणि स्पोर्ट शूजमध्ये कडेला उभ्या होत्या. एका आजींनी काही न बोलता त्यांचा हात धरला आणि फरशीवर नेलं. काकूंनी फुगडीचा ठेका धरला, आजींनी आपला. दोघींनाही एकमेकींची भाषा येत नव्हती. परतताना काकूंनी नायगाऱ्याचं नाव एकदाही काढलं नाही.

मुक्काम फ्लॉइडलाच करा, त्याला आणखी एक कारण आहे. १९७० च्या दशकात शहर सोडून शेती करायला निघालेली बरीच हिप्पी मंडळी या काउंटीत येऊन राहिली. त्यांच्यामुळे एवढ्याशा गावात सेंद्रिय किराणा आणि शाकाहारी जेवण मिळतं. पुढच्या गावांत ही चैन नाही.

शनिवारी सकाळी ब्लू रिज पार्कवेला लागा. ४६९ मैलांचा हा रस्ता, ट्रक नाहीत, जाहिरातींचे फलक नाहीत, वेगाची मर्यादा ४५. १७६ व्या मैलाला मॅब्री मिल ही जुनी पाणचक्की लागते. सगळे तिथे फोटो काढतात, तुम्हीही काढाल, दहा मिनिटांत निघा. २१३ व्या मैलाला गॅलॅक्सजवळ ब्लू रिज म्युझिक सेंटर आहे. हंगामात तिथे दुपारी बाराच्या सुमारास स्थानिक वादक येऊन फुकट वाजवतात. अंगणात बसायला खुर्च्या, बाबांना उत्तम. ऑक्टोबर सरत आला की वेळापत्रक आखडतं, त्यामुळे निघायच्या आधी बघून घ्या. २०२४ च्या सप्टेंबरात हेलीन वादळाने या डोंगरांत फार नासधूस केली. पार्कवेचे काही भाग आणि इथल्याच डमॅस्कस गावाच्या आसपासचा यूएस ५८ त्यात सापडला होता. नॅशनल पार्क सर्व्हिसच्या संकेतस्थळावर कोणता मैल बंद, कोणता चालू हे दिलेलं असतं, ते आदल्या रात्री पाहायचं. आणि गॅलॅक्सहून पुढच्या मुक्कामाला नेणाऱ्या यूएस ५८ चा तो तुकडा वळणांचा आहे. आईंना गाडी लागत असेल तर मुकाट्याने ७७ आणि ८१ ने अ‍ॅबिंग्डनला जा. तत्त्वासाठी कोणाला उलट्या करायला लावू नका.

अ‍ॅबिंग्डनला खोली घेऊन सामान टाका आणि संध्याकाळी हिल्टन्स गाठा. तिथे कार्टर फॅमिली फोल्ड नावाचं संगीताचं सभागृह आहे. थोडी पार्श्वभूमी सांगते, नाहीतर ते नुसतं लाकडी कोठार वाटेल. १९२७ च्या उन्हाळ्यात व्हिक्टर या रेकॉर्ड कंपनीचे राल्फ पीअर ब्रिस्टलला आले आणि आसपासच्या गायकांना बोलावून त्यांनी ध्वनिमुद्रण केलं. या डोंगरातल्या दरीतून ए. पी. कार्टर, त्यांची पत्नी सारा आणि भावजय मेबेल तिथे पोचले. त्या मुद्रणांतून कंट्री संगीताचा धंदा उभा राहिला. ए. पी. पुढे गावोगाव फिरून जुनी गाणी गोळा करत राहिले, आणि त्या फेऱ्यांत लेस्ली रिडल हे कृष्णवर्णीय गिटारवादक त्यांच्यासोबत असत. चाली रिडल लक्षात ठेवत. नाव कार्टरांचं झालं. ही बाजू आई-बाबांना जरूर सांगा. फोल्ड सुरू केला तो ए. पीं.च्या मुलीने, जॅनेटने. दर शनिवारी रात्री साडेसातच्या सुमारास कार्यक्रम होतो, विजेवर चालणारी वाद्यं नाहीत, दारू नाही. प्रसिद्ध कंट्री गायक जॉनी कॅश यांचा शेवटचा जाहीर कार्यक्रम २००३ च्या जुलैत इथेच झाला. शेजारी ए. पीं.चं दुकान आहे, त्यात छोटं संग्रहालय आहे. रोख पैसे जवळ असू द्या.

रविवारी सकाळी घाई नको. गाव चर्चमध्ये असतं आणि बाराला सुटतं. सुटलं की प्रत्येक जेवणघरात रांग. अकराला जेवा नाहीतर दोननंतर. अ‍ॅबिंग्डनला बार्टर थिएटर आहे. १९३३ मध्ये, मंदीत, रॉबर्ट पोर्टरफिल्ड यांनी ते सुरू केलं. तिकीट ४० सेंट, नसतील तर तेवढ्याचा भाजीपाला, अंडी, हॅम, काहीही. न्यूयॉर्कमध्ये काम नसलेले उपाशी नट इथे पोट भरून नाटक करत. अजून चालू आहे, रविवारी दुपारचा प्रयोग असेल तर बघा. सांगलीकराला नाटक चुकवायला लावणं बरं नाही. नाही तर ब्रिस्टलला जा. तिथल्या स्टेट स्ट्रीटच्या मधोमध पितळी पट्ट्या आहेत, एक पाय व्हर्जिनियात, एक टेनेसीत. बाबांची दोन राज्यं तिथेच होतील. १९२७ च्या मुद्रणांवरचं संग्रहालय तिथे आहे. या भागातली बरीच छोटी संग्रहालयं सोमवारी बंद असतात, तेव्हा रविवारची दुपार त्याला द्या.

सोमवारी सूर बदलतो. ८१ आणि ७७ ने दोनेक तासांत वेस्ट व्हर्जिनियातलं बेकली. संगीताची रात्र पाहिल्यावर तुम्हाला वाटेल, किती सुखी माणसं. म्हणून मी मुद्दाम कोळसा लगेच त्याच्या पाठोपाठ ठेवते. बेकलीच्या प्रदर्शनी खाणीत खाणकामगारांच्या गाडीत बसवून आत नेतात, त्यामुळे गुडघ्याला त्रास नाही. आत बारा महिने ५८ अंश फॅरनहाइट, म्हणजे १४-१५ सेल्सियस. स्वेटर घ्या. वाटाड्या बहुतेक स्वतः खाणीत काम केलेला असतो. छत कुठे जेमतेम उभं राहण्याइतकं, कुठे त्याहून कमी. तो कार्बाइडचा दिवा पेटवून दाखवतो, मग सगळे दिवे घालवतो. बाहेर कंपनीच्या चाळीतली घरं, शाळा, मॅनेजरचा बंगला शेजारी शेजारी मांडले आहेत. पगार कंपनीच्या बिल्ल्यांत मिळे आणि ते चालत कंपनीच्याच दुकानात, हे तिथे उभं राहून ऐकलं की १९२१ मध्ये हजारो कामगार बंदुका घेऊन ब्लेअर माउंटनवर का चढले ते वेगळं समजवावं लागत नाही. वाटाड्याला प्रश्न विचारा, पण फुप्फुसाच्या आजाराबद्दल जरा जपून. त्याच्या घरातला विषय असू शकतो.

खाण मंगळवारी सकाळी करा. सोमवारी दुपारी किंवा मंगळवारी संध्याकाळी न्यू रिव्हर गॉर्जचा पूल बघा. १९७७ चा, नदीपासून ८७६ फूट उंच. पूर्वी ही दरी ओलांडायला पाऊण तास लागे, आता मिनिटभर. जुना अरुंद रस्ता अजून शाबूत आहे, पुलाखालून जातो. तुम्ही तोच घ्या, म्हणजे पूल कशासाठी बांधला ते कळतं.

बुधवारी लुइसबर्गला जेवून यूएस २१९ ने उत्तरेला. वाटेत हिल्सबरोला नोबेलविजेत्या लेखिका पर्ल बक यांचं जन्मघर लागतं. संध्याकाळपर्यंत ग्रीन बँक. हे ठिकाण मी मराठी लोकांना हट्टाने दाखवते. पुण्याहून नारायणगावजवळच्या खोडदला जाऊन जीएमआरटी पाहिली असेल, तर तिची ही दूरची नातलग. १०० मीटर व्यासाची, हवी तिकडे वळवता येणारी रेडिओ दुर्बीण, उंची ४८५ फूट, स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्याहून बरीच जास्त. तिच्या आधीच्या दुर्बिणींना रेडिओ लहरींचा गोंगाट नको म्हणून १९५८ साली १३,००० चौरस मैलांचा शांत पट्टा जाहीर झाला. फ्रँक ड्रेक यांनी १९६० मध्ये परग्रहावरच्या संदेशांचा पहिला शोध इथून घेतला. दुर्बिणीजवळ डिझेलची गाडीच जाऊ देतात, कारण पेट्रोल इंजिनाच्या ठिणगीचाही आवाज तिला ऐकू येतो. डिजिटल कॅमेराही नाही. आणि मोबाइल? नाही. नकाशे आधी उतरवून घ्या, खोलीची पावती कागदावर छापून घ्या, सांगलीला फोन आदल्या दिवशी करा. गुरुवारी सकाळी दुर्बिणीची फेरी करून निघालात तर घर सात तासांवर आहे. फेऱ्यांचे वार ऋतूप्रमाणे बदलतात, तेवढं बघा.

जेवणाचं आता नीट बोलू, कारण सहल मोडते ती इथे. या डोंगरांत गरिबाचं जेवण म्हणजे पिंटो बीन्स आणि कॉर्नब्रेड. आपल्या मक्याच्या भाकरीशी त्याचा संबंध नाही, लोखंडी तव्यात भाजलेला जाडजूड ढोकळा म्हणा. वर चिरलेला कच्चा कांदा. ऐकून वाटतं शाकाहारी, पण बीन्समध्ये बहुधा डुकराचं हाड असतं. इथे ‘व्हेजिटेरियन आहे का?’ विचारलंत तर प्रामाणिकपणे ‘हो’ म्हणतील, कारण त्यांच्या लेखी ते हाड म्हणजे मसाला. विचारायचं ते असं: ‘यात हॅम, बेकन किंवा त्याची चरबी आहे का?’ मग नक्की उत्तर मिळतं, आणि वाढणारी बाई ‘हनी’ म्हणत तुमच्यासाठी दुसरं काहीतरी शोधते. हिरव्या पालेभाजीचं तेच, ग्रेव्हीचं तेच. बिनधास्त चालेल असं म्हणजे बिस्किटं आणि अ‍ॅपल बटर, तळलेली सफरचंदं, मॅकरोनी-चीज, कोलस्लॉ, पाय. बिस्किटांत लार्ड, म्हणजे डुकराची चरबी, आहे का एवढं विचारून घ्या. वेस्ट व्हर्जिनियात पेट्रोल पंपावर पेपरोनी रोल दिसतील. इटालियन स्थलांतरितांनी खाणकामगारांच्या डब्यासाठी काढलेला पदार्थ. तुम्ही खात असाल तर चाखा, आई-बाबांना नाही.

राइस कुकर घेऊनच जा, उगाच लाजू नका. मेतकूट, लोणचं, थालीपिठाची भाजणी असेल तर रात्रीची चिंता मिटते. मॉटेलच्या काउंटरवर बऱ्याचदा पटेल कुटुंब असतं. जवळचं इंडियन ग्रोसरी कुठे, हे गूगलपेक्षा त्यांना जास्त माहीत असतं. कढी-खिचडीचं आमंत्रणही मिळू शकतं. तीही तिथली स्थानिक संस्कृतीच झाली म्हणायची.

दुसरा प्रश्न लोक खाजगीत विचारतात, मी उघड उत्तर देते: आपल्यासारख्यांना तिथे कसं वागवतात? माझ्या अनुभवात गावात शिरल्यावर माना वळतात, मग ‘कुठून आलात?’ येतं, मग गप्पा. या रस्त्यावर मला उद्धटपणा क्वचितच भेटला, पण सगळ्यांचा अनुभव असाच असेल अशी हमी मी देत नाही. निवडणुकीचे फलक, झेंडे दिसतील, त्यावर चर्चा नको. अंधार पडल्यावर अनोळखी माणसाच्या खाजगी रस्त्यावर गाडी वळवू नका. आई-बाबांचे पासपोर्ट आणि तुमची कागदपत्रं गाडीत ठेवा. आणि पडकी घरं, अंगणातल्या गंजक्या गाड्या यांचे फोटो काढू नका. ‘हिलबिली’ (डोंगरातला गावंढळ) हा शब्द त्यांनी स्वतःबद्दल वापरला तरी तुम्ही वापरायचा नाही. बाहेरच्यांनी येऊन आपल्या गरिबीची चित्रं काढून नेली, याचा राग या डोंगरांत पिढ्यानपिढ्या आहे.

विमानाने जाणार असाल तर दोन पर्याय. मेम्फिसला उतरून यूएस ६१ ने मिसिसिपी डेल्टात जा: क्लार्क्सडेल, इंडियानोला, समनर. इथला वार गुरुवार ते रविवार, कारण ब्लूज संगीताचे अड्डे तेव्हाच जागे असतात. मेम्फिसला लोरेन मॉटेल आधी बघा, जिथे ४ एप्रिल १९६८ ला मार्टिन ल्यूथर किंग यांचा खून झाला. १९५९ च्या भारत दौऱ्यात ते मुंबईच्या मणिभवनात राहून गेले होते, हे बाबांना ठाऊक असेलच. समनरच्या कोर्टात १९५५ साली एमेट टिल या कृष्णवर्णीय मुलाच्या मारेकऱ्यांना निर्दोष सोडलं गेलं. डेल्टा मन जड करतो, आई-बाबांची तयारी आहे का ते तुम्हीच ठरवा. दुसरा पर्याय न्यू मेक्सिको: सांता फे, चिमायो, टाओस पुएब्लो. ऑगस्ट-सप्टेंबरात वाणसामानाच्या दुकानांबाहेर फिरत्या पिंपांत हिरव्या मिरच्या भाजतात, त्या वासाने आई खूश होतील. पोर्तुगीजांबरोबर मिरची आपल्याकडे आली ती याच खंडातून. मात्र सांता फे सात हजार फुटांवर आहे. रक्तदाब असेल तर डॉक्टरांना विचारून.

आणि हे सगळं फार वाटत असेल, तर आधी एक दिवस लँकेस्टरला जाऊन या, एडिसनहून दोन-अडीच तास. अमिश लोकांचा मुलूख. मंगळवारी, शुक्रवारी किंवा शनिवारी जा, शहरातला सेंट्रल मार्केट त्याच वारी असतो. रविवारी गेलात तर बंद दारं बघून याल. चेहऱ्याचे फोटो नाहीत.

पुन्हा एकदा वार: गुरुवारी स्टाँटन, शुक्रवारी फ्लॉइड, शनिवारी गॅलॅक्स आणि हिल्टन्स, रविवारी अ‍ॅबिंग्डन-ब्रिस्टल, सोमवार-मंगळवार बेकली, बुधवारी ग्रीन बँक, गुरुवारी घरी. शुक्रवार आणि शनिवार हलवायचे नाहीत, बाकी काहीही हलवा.

एकच अपवाद. ऑक्टोबरचा तिसरा शनिवार तुमच्या तारखांत येत असेल तर न्यू रिव्हर पुलावर ‘ब्रिज डे’ असतो. त्या एका दिवशी पूल गाड्यांना बंद, माणसांना चालायला मोकळा, आणि शेकडो जण पॅराशूट बांधून कठड्यावरून खाली उड्या मारतात. बघायचा असेल तर हिल्टन्स सोडा, शुक्रवारी रात्री फ्लॉइडहून उशिरा निघण्यापेक्षा शनिवारी पहाटे निघा. पुलाजवळचं फेएटव्हिल आणि बेकली इथल्या खोल्या त्या आठवड्यात कित्येक महिने आधी भरतात. बघायचा नसेल तर बेकलीला पोचायचा सोमवार त्याच्या लगेच नंतरचा ठेवा, गर्दी ओसरलेली असते. आई-बाबांची येण्याची तारीख आणि बाबांना पायऱ्या किती चढवतात ते इथेच लिहा, म्हणजे कोणत्या गावात तळमजल्याची खोली मागायची ते सांगते.